दक्षिणेकडच्या काचा

इथे ओमानमध्ये, सोहारला, थंडी येते ती आवाज बंद होऊन. वर्षातले बहुतेक महिने भिंतीत घुरघुरणारा एसी एका सकाळी पास्कल बंद करतो आणि कानाला काहीतरी हरवल्यासारखं होतं. मग एकेक आवाज सापडायला लागतो. खालच्या सलूनमधला रेडिओ, मशिदीतली बांग, समोरच्या मल्याळी बाईंच्या कुकरची शिट्टी. पास्कल म्हणजे माझा नवरा. त्याची सगळी हयात एसी दुरुस्त करण्यात गेली. सोहारच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, खाबुऱ्याच्या बागायतीतले बंगले, इब्रीच्या बाजारातली दुकानं, जिथे बोलावलं तिथे हा शिडी आणि गॅसचा सिलिंडर घेऊन गेला आणि लोकांना गार करून आला. घरचा एसी मात्र तो दर वर्षी थोडा लवकरच बंद करतो. म्हणतो, त्यालाही सुट्टी नको का?

एसी बंद झाला की पुढचं काम माझं. हॉलच्या खिडकीवरचा चंदेरी कागद मी सोलून काढते. आखातात राहिलेल्या माणसाला हा कागद समजावून सांगायला नको. चपात्या गुंडाळायचा फॉइल, तोच काचेवर चिकटवायचा, चकाकी बाहेरच्या बाजूला, म्हणजे ऊन आल्या पावली परत जातं. पूर्वी आमच्याकडे तो बारा महिने असायचा. बाहेर किती वाजले, उजेड आहे की नाही, हे आम्ही घड्याळात बघायचो. हिवाळ्यात कागद काढून ऊन आत घ्यायची सवय मला जपानने लावली. त्या देशाने दिलेलं तेवढंच माझ्यापाशी उरलं आहे.

यंदा कागद काढताना हात जरा घाईत होते. नाताळ तोंडावर आला होता, बाल्कनीत तारा टांगायचा होता, बाळ येशूच्या गोठ्यासाठी गवत आणायचं होतं, आणि लविनाचा फोन यायचा होता. लविना आमची एकुलती एक मुलगी. जपानमध्ये असते. तिला या फोनवर विचारायचं असं आमचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं आणि पास्कलने मान हलवली होती. मार्चमध्ये त्याचं रेसिडेन्सी कार्ड संपतंय आणि आता ते वाढणार नाही. अर्बाबने, म्हणजे त्याच्या मालकाने, अगदी प्रेमाने सांगितलं. खजूर पुढे केला, काहवा ओतला आणि म्हणाला, "पास्कल, खलास. अभी आराम करो. तुम्हारा बेटी है ना? बेटी के पास जाओ, इन्शाल्ला सब अच्छा." ओमानमध्ये माणसाला राबायची मुभा असते, म्हातारं व्हायची नसते. वसईला दिरांनी जुनं घर पाडून इमारत बांधली, तिच्यात एक फ्लॅट आमच्या नावाचा आहे, कुलूप लावलेला. त्या जिन्यात आम्हाला नावाने हाक मारणारं आता कोणी नाही. त्यामुळे लविनाला विचारायचं ते एवढंच होतं, की आम्ही तुझ्याकडे राहायला येऊ का?

हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी तिनेच सोडवायला घेतला होता. तेव्हा फोनवर म्हणाली होती, "मम्मी, एक विंटर राहून बघा ना. विंटर जमला तर मग सगळं जमेल." मला त्यात वावगं काही वाटलं नाही. पास्कलला तर आनंदच झाला. रजा घेऊन, थर्मल कपडे घेऊन, वसईहून मागवलेले सुके बोंबील सात पिशव्यांत दडवून आम्ही निघालो. ही परीक्षा आहे हे कळायला वेळ लागला. जन्मभर आम्ही तिच्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या होत्या, आता पेपर आमचा होता आणि तपासणार ती होती.

तिचं घर नागानोच्या डोंगरात, जावयाच्या आजोबांचं. जावई केन्जी, स्वभावाने गरीब आणि बोलायला मोजका. घर सगळं लाकडाचं, कागदाची सरकती दारं, जमिनीवर गवताच्या जाड चटया, आणि दक्षिणेला घराच्या लांबीएवढी काचांची पडवी. फोटो बघून मी हरखून गेले होते. फोटोला थंडी नसते. आत पाऊल ठेवलं आणि कळलं, की घरात आणि अंगणात फरक असेल तर एवढाच, की घरात बर्फ पडत नाही. भाजी चिरताना तोंडातून वाफ निघायची. रात्री नळ थेंबथेंब चालू ठेवायचा, नाहीतर पाइप गोठतो. खोबरेल तेलाची बाटली मी सवयीने मोरीत ठेवली, ती आम्ही परत निघेपर्यंत तशीच दगड होऊन उभी होती.

तिथे घर गरम करत नाहीत, माणूस गरम करतात. मला हे समजायला आठवडा लागला, पास्कलला शेवटपर्यंत पटलं नाही. बसायच्या खोलीत एक ठेंगणं टेबल, त्याच्या पोटात विजेची शेगडी, वरून जाड रजई. त्याला कोतात्सु म्हणतात. सगळ्यांनी चारी बाजूंनी रजईत पाय घालून बसायचं. पाय भाजायचे आणि पाठीवर शिरशिरी यायची. शेजारी रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली. आठवड्याला रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीत यायची आणि त्या वासाने मला वसईच्या रेशनच्या रांगेची आठवण व्हायची. टॉयलेटची बैठक मात्र विजेवर गरम केलेली. "इथे फक्त बुडाची काळजी घेतात, बाकीच्या अवयवांनी आपलं आपलं बघायचं," पास्कल म्हणाला, आणि लविना पोटभर हसली. त्या हिवाळ्यातलं तिचं ते हसणं मला आठवतं, कारण तशी ती पुन्हा हसली नाही.

भिंतीवर एसी दिसला तेव्हा पास्कलला कोणी गाववाला भेटल्यासारखं झालं. पण तो एसी गरम हवा सोडायचा. गरम हवा सोडणारा एसी म्हणजे कम्प्लेंटचा एसी, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. ती हवासुद्धा छताला जाऊन बसायची, खाली माणसांपर्यंत यायचीच नाही, आणि बाहेरच्या युनिटवर बर्फ धरला की मशीन मध्येच थांबायचं. पास्कल कानटोपी घालून त्या युनिटसमोर जाऊन उभा राहायचा. शेजारचे जपानी म्हातारे त्याला वाकून नमस्कार करायचे, हाही वाकायचा. आयुष्यभराचं कसब असं एका भिंतीशी बिनकामाचं उभं राहिलेलं बघताना मला फार वाईट वाटायचं.

आणि ते दार. लविना लहान असताना सोहारच्या घरात आम्ही दिवसभर ओरडायचो, "लविना, दार लाव, गारवा जातोय!" तिथे ती आमच्यावर ओरडायची, "मम्मी, दार! हीट जाते!" पहिल्यांदा गंमत वाटली. काढलंस उट्टं पोरी, असं मी म्हटलंसुद्धा. मग गंमत ओसरली. एका खोलीतून दुसरीत जाताना मागचं दार ओढून घ्यायचं, सावकाश, आवाज न करता. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की आम्ही ज्या खोलीत नसतो तिथे ती दोघं बोलत असतात, आणि दार सरकलं की थांबतात. जपानी बोलत, म्हणजे आम्ही समोर असतो तरी आम्हाला काही कळलं नसतं. तरीही थांबत.

आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून घर सुधारायला घेतलं. लविना आणि केन्जी कामावर गेले होते. पास्कलने सोहारहून येताना बॅगेत काय आणलं असेल, तर एसीच्या हवेच्या डक्टला लावतात त्या चंदेरी टेपचे रोल. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं! पडवीच्या काचांतून भलंमोठं ऊन आत येत होतं. ऊन दिसलं की आमचे हात आपोआप चालतात, तिथे डोकं लागत नाही. मी पडदे ओढले. पास्कलने स्वयंपाकघरातला फॉइल आणला आणि काच न् काच मढवून काढली, चकाकी बाहेर, कडेला टेप, एक सुरकुती नाही. मी खाली उभी राहून टेप तोडून देत होते. संध्याकाळी केन्जीचं घर बाहेरून मिठाईच्या खोक्यासारखं दिसत होतं.

आणि आत मासळी ठेवायचं कोल्ड स्टोरेज झालं होतं. त्या घरात ऊन हीच खरी शेगडी. दिवसभर काचांतून येऊन ते चटयांत, लाकडात मुरतं आणि अंधार पडला तरी काही वेळ पुरतं. तेच आम्ही हाकलून दिलं होतं. लविना दारातच थबकली. "पप्पा, व्हॉट इज धिस? हे कोणी लावला? सन पाहिजे ना आपल्याला इकडे!" केन्जी मात्र वाकला आणि त्याने आमचे आभार मानले. खरंच मानले, दोनदा. दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आधी त्याने सगळा कागद काढून, घडी घालून, कपाटावर ठेवून दिला होता. काचांवर टेपचा चिकट डागही नव्हता. पास्कलने चहा पिता पिता त्या काचांकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

केन्जीची आई रविवारी यायची. जवळच्याच शहरात एकटी राहायची. लविना तिला ओकासान म्हणते, म्हणजे आईच. पहिल्या रविवारी त्या आल्या, पडवीत उन्हाच्या पट्ट्यात बसल्या आणि शेजारच्या चटईवर थापटून मला बसायची खूण केली. आम्ही दोघी संत्री सोलत बसलो. बोलणार काय आणि कुठल्या भाषेत? त्यांनी मला हातवाऱ्यांनी शिकवलं, की ऊन डोंगरावरून उतरलं रे उतरलं की पडदे उघडायचे, आणि ते जायच्या थोडं आधीच ओढून घ्यायचे, नाहीतर दिवसभराची जमलेली ऊब निघून जाते. बाई चांगल्या होत्या. ही एक अडचणच झाली आहे, कारण त्यांच्यावर मला धड रागावताही येत नाही. जाताना त्या लविनाशी दारात बराच वेळ बोलल्या, मध्येच आमच्याकडे बघत, मध्येच छताकडे बघत. मी विचारलं, काय म्हणाल्या गं? लविना म्हणाली, "काही नाही. छान वाटला म्हणाल्या."

एवढं लांबलचक बोलणं आणि त्याचं मराठी एवढंसं? लविना आमच्यासाठी नेहमीच असं थोडक्यात करायची.

मी तिच्यासाठी एक गोधडी नेली होती. माझ्या आईच्या लुगड्यांची, वसईला असताना मीच टाके घातलेली, लाल आणि हिरव्या पट्ट्यांची. लविनाने ती उलगडली, गालाला लावली, "सो स्वीट, मम्मी" म्हणाली, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येतो म्हणून वाऱ्यावर टाकली. मग ती कपाटात गेली. कोतात्सुवर घरच्या रंगाची रजई होती, तिच्याबरोबर ही जुळत नव्हती. मलाही ते दिसत होतं. नाताळ आला तो कामाच्या दिवशीच आला. केन्जी संध्याकाळी तळलेल्या कोंबडीचा खोका आणि स्ट्रॉबेरीचा केक घेऊन आला, ती तिथली चाल आहे म्हणे. चर्च गाडीने दूर, रस्त्यावर बर्फ. पास्कलने कोतात्सुत पाय घातल्या घातल्या एक नाताळगीत म्हटलं, लविनाने दोन ओळी साथ दिली आणि पुढचे शब्द तिला आठवेनात.

मग तो टेपचा दिवस. सर्दीने पास्कलची छाती भरली होती आणि त्याला पास व्हायचं होतं. आपल्यामुळे लेकीचं रॉकेल जास्त जळतं हे त्याला लागलं होतं. उन्हाची चूक झाली ती झाली, पण हवा कुठून निसटते हे शोधण्यात पास्कलचा हात धरणारा सोहारमध्ये कोणी नव्हता. आमच्या खोलीच्या दारांच्या फटी, खिडकीच्या कडा, लाकडांचे सांधे, सगळीकडे त्याने तळहात फिरवून गार झुळूक पकडली आणि चंदेरी टेप मारली. मग स्टोव्ह पेटवला. खोली खरंच उबदार झाली. त्या घरात पहिल्यांदाच मी स्वेटर काढला. पास्कल भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या तोंडावर कित्येक दिवसांनी समाधान होतं. एसीवाल्याला फट म्हणजे दोष, पण रॉकेलच्या स्टोव्हला श्वास घ्यायला फट लागते. तासाला एकदा खिडकी उघडायची असते. लविनाने सांगितलं होतं, पण खिडकी टेपखाली गेली होती. माझं डोकं ठणकायला लागलं, मला वाटलं सर्दीच. पास्कलला पेंग आली.

लविना त्या दिवशी लवकर घरी आली म्हणून हे लिहिते आहे. तिने दार ओढलं, ते निघेना, मग टेपसकट फाडलं. घरातली झाडून सगळी दारं आणि खिडक्या तिने उघडल्या. बाहेरचा बर्फाळ वारा आरपार आला, कॅलेंडर उडालं. ती ऑफिसच्या कोटातच मध्ये उभी होती. "पप्पा, हा सोहार नाहीये! समजत का नाही तुम्हाला? तुम्ही मेले असता!" पास्कल दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "गरम झाली होती गं खोली." शाळकरी मुलाने उत्तर बरोबर आलं होतं म्हणून सांगावं तसं. ती त्याच्या गळ्यात पडून रडली. तिला भीती वाटली होती हे मला मान्य आहे. पण ती रडत असताना मला कळलं, की निकाल लागला.

तो सांगितला तिने आठवड्याने, पडवीत, उन्हात. "मम्मी, तुमचा काही फॉल्ट नाही. घरच असं आहे. ओल्ड हाउस. हे गरम होतच नाही, काहीही करा. तुम्हाला इथला विंटर नाही झेपणार." मी मान हलवली. घराला दोष दिला की कोणालाच कोणाचं तोंड चुकवावं लागत नाही. पास्कल म्हणाला, "बरोबर आहे, पोरी. लाकूड जुनं झालंय, सांधे सुटलेत." त्याने ते कारागिराच्या आवाजात सांगितलं, म्हणजे लेकीला ते खरं वाटावं. गोधडी मी मुद्दाम कपाटातच ठेवून आले.

इथे सोहारला परतल्यावर मी स्वतःला हेच सांगत राहिले. थंडीचा काही इलाज नसतो. थंडीवर कोण रुसणार? लविना वाईट नाही, केन्जी वाईट नाही, ते घरच तसं आहे. दर हिवाळ्यात मी खिडकीवरचा कागद काढते, ओकासाननी शिकवलं तसं ऊन जायच्या आधी पडदे ओढते, आणि पास्कल कुरकुरतो, "मार्चमध्ये पुन्हा मलाच लावायला लागेल." सोहारच्या हिवाळ्यात ऊब साठवायची गरज नसते. मी ती साठवायचे, कारण कधी ना कधी ते घर सुधारेल, किंवा आम्ही थंडीला सरावू, असं आत कुठेतरी होतं. त्याला आशा म्हणायचं की वेडेपणा, ते तुम्ही ठरवा.

तर आज सकाळी फोन आला. व्हिडिओ होता. मी हात पुसले, केस सारखे केले. पास्कल माझ्या खांद्याला खांदा लावून बसला. वाक्य मी पाठ केलं होतं, त्यात कुठेही ओझं वाटू नये म्हणून दोनदा बदललंही होतं. पण लविनाच आधी बोलली.

"मम्मी, पप्पा, सरप्राइज! बघा ना, रूम ओळखता येते?" तिने फोन फिरवला. ओळखली, आमचीच ती. भिंतींना नवीन लाकूड होतं. खिडकीला दुहेरी काचा, मध्ये हवेचा थर. "भिंतीच्या आत इन्सुलेशन टाकला, खाली फ्लोअर हीटिंग पण. आता सॉक्स पण नको लागत, मम्मी!" ती हसत होती. "ओकासान आल्या ना इकडे राहायला. आता त्यांना एकटं नको वाटतं. आणि त्यांना थंडी सोसत नाही ना."

फोन पडवीकडे वळला. उन्हात ओकासान बसल्या होत्या. त्या वाकल्या. त्यांच्या गुडघ्यांवर माझी गोधडी होती, आईच्या लुगड्यांची, लाल आणि हिरव्या पट्ट्यांची. त्या तिच्यावरून हात फिरवत खूप वेळ काहीतरी बोलल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. एकदा त्यांनी शेजारच्या रिकाम्या चटईवर थापटलंसुद्धा.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

लविनाने फोन परत स्वतःकडे वळवला. "थँक यू म्हणतात."

सोहारमध्ये काय चाललंय, तिने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, नाताळची तयारी, तारा लावायचाय. पप्पांचं कार्ड कधीपर्यंत आहे, हे तिने विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही. पास्कल फोनजवळ वाकला आणि म्हणाला, "दुहेरी काचा चांगल्या घातल्यात हां. काम नीट केलंय. कडेला सिलिकॉन भरलं ना?" लविना म्हणाली, "हो पप्पा." मग तिला मीटिंग होती.

मी फोन ठेवला. मला राग आला होता, अजूनही आहे, आणि त्याला ठेवायला जागा नाही. ते घर गरम होत होतं. इतकी वर्षं मी थंडीला बोल लावला, त्या थंडीचा काही संबंधच नव्हता. हॉलच्या उघड्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, सोफ्यावर, पास्कलच्या पायांवर, गोठ्यासाठी आणलेल्या गवतावर.

पास्कल उठला. स्वयंपाकघरातून फॉइलचा रोल घेऊन आला आणि खिडकीशी स्टूल ओढलं.

"अरे, आत्ता कशाला? डिसेंबर आहे. मार्चपर्यंत राहू दे ना ऊन," मी म्हटलं.

"मार्चमध्ये आपण इथे नाही, फिलो," तो म्हणाला. "टेप दे."

मी टेप तोडून देत राहिले. त्याने काच न् काच मढवली, चकाकी बाहेर, एक सुरकुती नाही.